शेवटच्या डब्यातली माणसं

विदिन, ९ डिसेंबर

नेवेना,

दोनदा फोन केलास म्हणे. शेजारीण सांगत होती. मला फोनवर काही ऐकू येत नाही हे माहीत असून करतेस. उजवा कान गेलाच होता, आता डावाही सरकारी कचेरीसारखा वागायला लागलाय. म्हणणं पोचतं, पण दखल घेत नाही. तेव्हा जे असेल ते लिहून कळवत जा.

शनिवारी मेतोदीला जाऊन चाळीस दिवस होतात. अंत्यविधीला एक दिवस धावत आले तशी आता येता येणार नाही. नव्वदीतल्या आईला कुणाच्या गळ्यात घालू? म्हणून इथूनच सांगते. गहू आदल्या रात्री भिजत घाल. शिजले की फडक्यावर पसरून कोरडे कर, नाहीतर साखर घातल्यावर लगदा होतो. अक्रोडाला हात आखडू नकोस. इमारतीतल्या शेजाऱ्यांना वाटशील ते ठीकच, पण खरा वाटा भुयारी गाडीच्या त्या शेवटच्या डब्यातल्या माणसांचा. उन्हाळ्यात इथे आला की दुसरं बोलणंच नसायचं. शब्दकोडंवाली बाई असं म्हणाली, कर्नल तसं म्हणाला. इतकी वर्षं रोज सकाळी त्यांच्याबरोबर उभा राहिला तो. ज्यांनी माणसाला पाहिलंय त्यांनी त्याच्या नावाचा घास खाऊन ‘देव त्याला क्षमा करो’ म्हटल्याशिवाय वाटा पोचत नाही, असं आमची आजी सांगायची, आणि ती उगाच काही सांगायची नाही.

आणि एक. तिथल्या त्या भुयारी स्टेशनचं काय मोठं काम काढलंय, त्याबद्दल सविस्तर लिही. पण ते वेगळ्या कागदावर. त्यावर दुसरं तिसरं काही नको. कशाला म्हणून विचारू नकोस.

रायना


सोफिया, १८ डिसेंबर

वन्सं,

गहू कोरडे झाले होते. अक्रोड भरपूर घातले. शेजाऱ्यांना वाटले, दफनभूमीत वाटले, खाली औषधाच्या दुकानातल्या मुलीलाही दिले. सगळ्यांनी म्हणायचं ते म्हटलं.

शेवटच्या डब्यातल्या लोकांना मात्र देता आले नाहीत. तुम्हाला वाटतं तो डबा म्हणजे चहाचं दुकान आहे, कधीही जावं आणि माणसं सापडावीत. त्या मधल्या स्टेशनात बाहेर पडायला एकच जिना होता, फलाटाच्या टोकाला. म्हणून जाणती माणसं इकडे ल्युलिनमध्ये चढतानाच शेवटच्या डब्यात चढायची, म्हणजे उतरलं की जिना समोर. त्या जिन्यापाशी रोज खोळंबा व्हायचा, तिथेच त्यांच्या ओळखी झाल्या. मेतोदी गेला आणि पुढच्याच आठवड्यात ते स्टेशन बंद केलं. गाडी आता तिथे थांबतच नाही. लोक एक स्टेशन आधी उतरतात आणि वाट फुटेल तिकडे चालत जातात. त्यातला कर्नल कोण हे मी कसं ओळखू? मी एकालाही पाहिलेलं नाही. मी नोकरी करायचे ती बालवाडी घराखालीच होती, मला कधी त्या गाडीने जावंच लागलं नाही.

मी बरी आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तशी मी आहे. रडू येत नाही. बूट घालायला म्हणून तो खाली वाकला आणि उठलाच नाही, ती जागा मी रोज ओलांडते, पुसून घेते, पुढे जाते.

निधनाची पत्रकं पाठवते आहे, फोटोवाली. तुमच्या दारावर, चर्चपाशी, बसच्या थांब्यावर लावा. वेगळा कागद सोबत आहे.

नेवेना

(वेगळा कागद)

स्टेशन बंद आहे. गाडी तिथे पोचली की चालक वेग कमी करतो आणि सगळे डोकी वळवून बघतात. आत पत्रे लावलेत. पत्र्यांच्या फटीतून दिवे दिसतात आणि कुणीतरी डबा उघडून जेवत बसलेलं दिसतं. फलाटाच्या दुसऱ्या टोकालाही जिना काढणार आहेत, तो बुलवारच्या रुंद रस्त्यापलीकडे निघेल, थेट चष्म्याच्या दुकानाच्या दाराशी. मधोमध लिफ्टही बसवणार. गुडघेदुखीवाल्यांचं भलं होईल. पाटीवर लिहिलंय, वसंतात उघडू. पाटी लिहिणाऱ्याचं काय जातं.


विदिन, २० फेब्रुवारी

नेवेना,

कागद फार आवडला. लिफ्टचं दोनदा वाचायला लागलं. तू इतकं छान लिहितेस हे माहीत नव्हतं, भावाने कधी सांगितलं नाही. आणखी लिही. काम रखडलंय असं असेल तर तेही लिही. रखडलं तर काही बिघडत नाही.

पत्रकांचं म्हणशील तर आत्ताच नको. इथे दानूब नदीवरून असला वारा सुटलाय की दारावरचा कागद दुपारपर्यंत पलीकडे रुमानियात जातो. ठेवलीत कपाटात.

चाळिसावा तर हुकला. आता सहा महिन्यांचा हुकवू नकोस. स्टेशन उघडलं की जा त्यांच्याकडे. कोण गेलंय ते तोंडाने सांग, हातावर गहू ठेव, त्यांना म्हणू दे. सांगितल्याशिवाय माणूस सुटत नाही, नेवेना. तो तिथेच दाराशी तिष्ठत राहतो.

रायना


सोफिया, ८ मे

वन्सं,

स्टेशन ईस्टरच्या आधी उघडलं. पाच तारखेला सहा महिने झाले. कागदी पेल्यांत गहू भरले, पाव घेतला आणि त्याच्या वेळेला त्याच्या डब्यात चढले.

डबा जवळजवळ रिकामा होता. मी अगदी मागे दाराशी उभी राहिले, तो उभा राहायचा तिथे. मधल्या स्टेशनात उतरले तर कळेचना मी कुठे आले. दोन्ही टोकांना जिने, मध्ये लिफ्ट, चार बाजूंना बाण. दारं उघडतात आणि माणसं चारी दिशांना पांगतात. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. जिन्यापाशी खोळंबा नाही की काही नाही. मग शेवटच्या डब्यात कोण कशाला बसेल? ज्याला जो जिना सोयीचा तो त्या डब्यात. मेतोदी सांगायचा ती दहा-बारा माणसं फलाटभर विखुरली असतील, आणि एकमेकांना दिसतही नसतील.

परत येताना एका बाकावर बाई दिसली, शब्दकोड्यांचं मासिक गुडघ्यावर. पेन्सिल केसांत खोचलेली. तो अगदी तसंच सांगायचा. मी जवळ गेले आणि म्हटलं, “तुम्ही सकाळी शेवटच्या डब्यात असायच्या का?”

“असायचे. तुम्ही कोण?”

“तुमच्यात एक जण दाराशी उभा राहायचा. त्याची बायको.”

“अगंबाई, आमच्या दारकाकांची!” असं म्हणून तिने माझा हातच धरला. “सगळे उतरेपर्यंत कंबर लावून दार धरून ठेवायचे. चालक ओरडायचा, तरी हलायचे नाहीत. कुठे असतात हल्ली? थांबा, मीच सांगते. नवा जिना थेट त्यांच्या चष्म्याच्या दुकानाशी निघतो ना! पुढच्या डब्यात बसत असणार लबाड. त्यांना म्हणावं, सोय झाली तर आम्हाला विसरलात होय?”

वन्सं, गहू माझ्या पिशवीत होते. “सांगते,” मी म्हटलं. तिला पाव दिला, गव्हाचे पेले काढले नाहीत. गहू बघितले असते तर तिला कळलं असतं. तिच्या लेखी तो नुसता डबा बदलून गेलाय. मला ते मोडवेना.

पेले घरी आणले. दोन दिवस मीच खाल्ले.

वेगळा कागद उद्या लिहीन. स्टेशन चकचकीत झालंय, लिहायला बरंच आहे.

नेवेना


विदिन, १ जून

नेवेना,

तुझं पत्र वाचलं. मेलेल्याचे गहू स्वतः खाल्लेस? आणि त्या बाईला “सांगते” म्हणालीस? कुणाला सांगणार आहेस, कपाटातल्या कोटाला? तू त्याला अडकवून ठेवलंयस. त्याला ना इकडचं ठेवलंस ना तिकडचं. अशाने तुला कधी रडू येणार नाही, आणि त्याला शांती मिळणार नाही. उद्या जा आणि सांग.

वेगळ्या कागदावर स्टेशन उघडलं असं मुळीच लिहू नकोस. बंद आहे असं लिही. लिफ्टचा एखादा भाग यायचाय, परदेशातून, असं काहीतरी. माझं ऐक.

रायना


सोफिया, १९ जुलै

वन्सं,

गेले नाही सांगायला. म्हणजे गेले, रोज जाते, पण सांगायला नाही.

रोज सकाळी त्याच्या गाडीने मधल्या स्टेशनापर्यंत जाते आणि परत येते. स्नेझाना भेटते, तीच ती शब्दकोडंवाली. तिने कर्नल दाखवला. तो सैन्यात कधीच नव्हता, नळ दुरुस्त करतो, पण तक्रारी अशा करतो की समोरचा आपोआप ताठ उभा राहतो. आता मधल्या डब्यात असतो, लिफ्टसाठी. मला म्हणाला, “तुमच्या नवऱ्याला सांगा, त्याने बसवलेली चष्म्याची काडी पुन्हा निखळली. काम अर्धवट करून पळालाय!” मी चष्मा घेतला, मेतोदीच्या दुकानात त्याच्या जागी आलेल्या माणसाकडून काडी बसवून घेतली आणि परत दिला. कर्नलने नाकावर चढवला, डोकं हलवून बघितलं आणि म्हणाला, “बघा, हात लगेच ओळखू येतो.”

मला हसू यायला हवं होतं, किंवा दुसरं काहीतरी. काहीच आलं नाही.

हिरव्या कोटातली एक म्हातारी होती म्हणे, सगळ्यांना पेपरमिंट द्यायची. ती कुठे गेली विचारलं तर स्नेझाना म्हणाली, “ती पलीकडच्या जिन्याने जात असेल.” आता असं झालंय, वन्सं. पूर्वी कुणी दोन दिवस दिसलं नाही तर चौकशी व्हायची. आता कोण जिना बदलून गेलं आणि कोण कायमचं गेलं, हे कळायला मार्ग नाही. मला ते सोयीचं पडलंय, हे खरं.

पण तुम्ही स्टेशन बंद ठेवायला का सांगता? सगळं शहर त्यातून ये-जा करतंय आणि मी विदिनसाठी तेवढं बंद ठेवायचं? तरी सांगितलंत म्हणून लिहिलाय कागद. लिफ्टचा भाग यायचाय.

नेवेना


सोफिया, ११ ऑक्टोबर

वन्सं,

पार्सल मिळालं. भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या एकही न फुटता आल्या. त्यांच्याखाली करड्या लोकरीचे गुडघ्याचे पट्टे होते, दोन, आणि त्यात खोचलेली मेतोदीच्या नावाची चिठ्ठी. अक्षर सासूबाईंचं. “मेत्को, लिफ्ट होईपर्यंत हे घालून जिना चढ.”

मी तो पट्टा हातात घालून स्वयंपाकघरात बराच वेळ बसले होते.

पत्रकं वाऱ्याने रुमानियात जातात काय? वेगळा कागद, दुसरं तिसरं काही नको, काय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी त्याला अडकवून ठेवलं म्हणून माझ्यावर डाफरलात, आणि तुम्ही त्याच्या आईला त्याच्यासाठी लोकर विणत बसवलंत. मी निदान परक्यांशी गप्प बसले.

काय सांगितलंय त्यांना? सरळ लिहा.

नेवेना


विदिन, १७ ऑक्टोबर

नेवेना,

पार्सल शेजारणीच्या मुलीने बांधलं. आईने तिच्या हाती चोरून पट्टे दिले असणार. मला माहीत असतं तर काढून घेतले असते. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

अंत्यविधीला आले ती कानाच्या डॉक्टरकडे जाते असं आईला सांगून आले होते. परतले तेव्हा आई जागीच होती. विचारलं, “मेत्को नाही आला तुझ्याबरोबर?” सांगायचं ठरवूनच आले होते, गाडीत तोंडपाठ करत आले होते. आणि तुमच्याकडे पाटीवर वाचलेलं तोंडातून निघालं, “त्याचं स्टेशन बंद आहे गं. दुरुस्ती चाललीय.”

तू म्हणशील, यावर कोण विश्वास ठेवेल? पण आमच्या गावाला एकच स्टेशन, आणि तेही शेवटचं. महापुराच्या वर्षी ते बंद होतं तेव्हा गाव दोन महिने कोंडलं होतं. आईने तेच धरलं. स्टेशन बंद, म्हणजे माणूस निघणार कसा? रागावलीही नाही. नुसतं म्हणाली, “दुरुस्ती नीट करू देत, जिना फार उंच आहे त्याला.” रोज विचारते, उघडलं का. तुझे ते कागद मी त्याची पत्रं म्हणून वाचून दाखवते. लिफ्टचं आलं की पुन्हा वाचायला लावते. डबा उघडून जेवणाऱ्या कामगारावर तर जीव जडलाय तिचा.

मला शिव्या दे. माझं काय, मी बहिरी आहे.

तुला इतकं ओरडत होते ते यासाठी की एकीने तरी सांगावं. कुणीच कुणाला सांगितलं नाही तर माझा भाऊ गेला हे खरं कधी होणार? मी एका दिवसात त्याला मातीत ठेवून आले आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्टेशनात कोंडलाय. मला त्याच्यासाठी काळे कपडेही घालता येत नाहीत. फार जड झालंय गं.

वर्ष भरत आलं. तू सांग. मग मी सांगेन.

रायना


सोफिया, ७ नोव्हेंबर

वन्सं,

सांगितलं.

आदल्या दिवशी स्नेझानाला म्हटलं, उद्या जुन्यासारखं सगळ्यांनी शेवटच्या डब्यात या. कशाला ते सांगितलं नाही. तिला वाटलं दारकाका येणार. तिने ज्यांचे नंबर होते त्यांना निरोप दिले. कर्नल तर नवा टाय लावून आला. सात जण आले. हिरव्या कोटातली आली नाही. पेपरमिंट कोणीतरी आठवणीने आणले होते.

मधलं स्टेशन आलं. सगळे उतरले आणि सवयीने जुन्या जिन्यापाशीच थांबले, तिथे आता थांबायचं काही कारण नाही तरी. कर्नल म्हणाला, “कुठाय तो? पुढच्या डब्यातून येतोय का?” आणि सगळे फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागले.

मी पिशवीतून पेले काढले. सगळ्यांनी गहू बघितले. स्नेझानाने, विचारायचं असतं म्हणून, हळूच विचारलं, “कुणासाठी?”

“मेतोदीसाठी,” मी म्हटलं.

“कोण मेतोदी?” कर्नल म्हणाला.

त्यांना नावच माहीत नव्हतं, वन्सं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, “तुमचे दारकाका. मेतोदी त्यांचं नाव. मागच्या वर्षी गेले, स्टेशन बंद व्हायच्या आधीच. ते या नव्या जिन्याने कधी गेलेच नाहीत.”

कर्नलने चष्मा काढून हातात धरला आणि काडीकडे बघत राहिला. म्हणाला, “मग ही कोणी बसवली?” मी सांगितलं. मला वाटलं आता चिडेल. त्याने चष्मा परत घातला, पेला घेतला आणि सगळ्यांत आधी त्यानेच म्हटलं, “देव मेतोदीला क्षमा करो.” मग एकेकाने नाव घेऊन म्हटलं. लोक आमच्या बाजूने वाहत होते, मध्येच काय उभे राहिलात म्हणून एक जण खेकसलाही. आम्ही खाऊन झाल्याशिवाय हललो नाही.

रडले असं नाही. पण घरी येऊन बूट काढायला वाकले आणि दुखलं. इंजेक्शन उतरताना आधी मुंग्या येतात आणि मग ठणका लागतो, तसं. मी तिथेच जमिनीवर बसले. दुखतंय, वन्सं. फार दुखतंय. तुम्हाला हे कळवावंसं वाटलं.

वेगळा कागद सोबत आहे. या वेळी खाली माझं नाव घातलंय. तो माझा म्हणूनच वाचा.

नेवेना

(वेगळा कागद)

आई, स्टेशन उघडलं. दोन जिने झाले, मधोमध लिफ्ट झाली. आता कुणाचं काही अडलेलं नाही.

नेवेना


विदिन, २२ नोव्हेंबर

नेवेना,

आईला कागद वाचून दाखवला. “उघडलं?” म्हणाली. “मग कुठल्या गाडीने येतोय?” आणि उठून केस विंचरायला लागली.

मी चूल पेटवली. रात्री भिजवलेले गहू तिच्यासमोर चुलीवर ठेवले. ती फणी हातात धरून पातेल्याकडे बघत बसली. उकळी आली, गहू फुटले, मी ते फडक्यावर पसरले, तरी बघत होती. साखर घातली, अक्रोड घातले. वाटी पुढे केली तेव्हा तिने विचारलं, “कुणासाठी?”

मी त्याचं नाव घेतलं.

तिने वाटी दोन्ही हातांत घेतली. म्हणायचं ते म्हणाली, स्पष्ट म्हणाली, मला या कानानेही ऐकू आलं. थोडे गहू खाल्ले. चावता येत नाहीत तिला, तरी खाल्ले. मग मी काळे कपडे घातले आणि खाली जाऊन दारावर पत्रक लावलं. वाराही नव्हता.

वर आले तर ती तशीच बसलेली. कधी, कसं, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “त्याला लिफ्ट मिळाली का गं? एकदा तरी?”

नेवेना, मी हो म्हटलं. नाताळात येशील तेव्हा तूही हेच सांग.

रायना